माती सुटल्यावरचा खुराक

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही : पैलवानाला सगळं पचतं. दोन-अडीच लिटर म्हशीचं दूध, वाटीभर तूप, बदामाची थंडाई, वर मटण आणि अंडी. साध्या माणसाला आठवडाभरसुद्धा झेपणार नाही असा हा खुराक पैलवान रोज घेतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत पुन्हा आखाड्यात उतरतो. त्याच्या पोटावर वळ्या नसतात, त्याला धाप लागत नाही, आणि रक्त तपासावं असं त्याला किंवा त्याच्या वस्तादाला कधी वाटत नाही. ही समजूत खोटी नाही. पैलवानाला खरोखरच पुष्कळ पचतं. फक्त ते का पचतं आणि किती दिवस पचतं, हा हिशेब तालमीत कुणी मांडत नाही.

तो मांडायचा तर आधी मेहनत पाहावी लागते. पहाटेच्या सत्रात पळणं, शेकड्यांनी जोर आणि बैठका, रस्सी चढणं, आखाडा खणणं, आणि मग लढती. संध्याकाळी पुन्हा तेच, क्रम थोडा बदलून. नुसतं पळणारा खेळाडू एकाच लयीत काम करतो. कुस्तीत मात्र दोन तऱ्हा एकमेकींत मिसळलेल्या असतात. झटापटीचे काही सेकंद स्नायू सगळी ताकद लावतात, मग पकड धरून ठेवण्यात जातात, मग पुन्हा झटका. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, पण तेवढ्यात पैलवानाचं अंग घामानं निथळतं आणि छाती भात्यासारखी चालते. सरावात अशा लढती एकामागून एक होतात. मांड्या, पाठ, खांदे, मान, शरीरातले सगळे मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागलेले असतात. बॉक्सिंग, ज्यूदो, किकबॉक्सिंग यांच्या सरावाचंही थोड्याफार फरकानं असंच असतं. हृदयाच्या दृष्टीनं हा व्यायाम उत्तम आहे, याबद्दल वाद नको.

आता रक्ताकडे येऊ. तपासणीच्या कागदावर जे आकडे येतात त्यांत आपल्याला तीन महत्त्वाचे : ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एलडीएल. हे तिन्ही आकडे व्यायामाला सारखाच प्रतिसाद देतात असं लोक धरून चालतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी, जळण म्हणून वापरायची चरबी. जेवणानंतर ती वाढते. ती रक्तातून काढून स्नायूच्या आत पोचवायचं काम लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एक विकर (एन्झाइम) करतं. हे विकर केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर बसलेलं असतं, बाजार समितीत आलेला ट्रक रिकामा करायला दारात थांबलेल्या हमालासारखं. स्नायूनं जोरात काम केलं की त्याच्या दारावर हे हमाल वाढतात. पैलवानाच्या मांड्यांच्या दारात ते गर्दी करून उभे असतात, म्हणून तुपाचा ट्रक आला की बघता बघता रिकामा होतो. चरबी उतरवल्यावर उरलेल्या कणांचे काही तुकडे एचडीएलमध्ये जाऊन मिळतात, त्यामुळे नियमित मेहनत करणाऱ्याचं एचडीएलही, म्हणजे ‘चांगलं’ समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, थोडं वर सरकतं. ‘सगळं पचतं’ या म्हणण्यामागचं शरीरशास्त्र मुख्यतः एवढंच आहे.

पण हे हमाल पगारी नाहीत, रोजंदारीवरचे आहेत. एका कडक सत्राचा ट्रायग्लिसराइडवरचा परिणाम साधारण दीड-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. अमेरिकेत 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पळण्याचा कडक सराव करणाऱ्या खेळाडूंना दोन आठवडे सराव पूर्ण बंद ठेवायला सांगितलं होतं. त्या दोन आठवड्यांत स्नायूंमधलं हे विकर घटलं, तर चरबीच्या पेशींमधलं वाढलं. म्हणजे हमाल नुसते घरी गेले नाहीत, ते समोरच्या दारात जाऊन उभे राहिले. जी चरबी परवापर्यंत मांडीत जळत होती ती आता पोटाकडे उतरू लागली. फक्त दोन आठवड्यांत, आणि तेही वर्षानुवर्षं कमावलेल्या शरीरात.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. मर्दानी खेळाच्या मेहनतीनं हृदयाला जे संरक्षण मिळतं, ते साठत नाही. दहा वर्षं माती अंगाला लावली म्हणून पुढच्या दहा वर्षांची सोय होत नाही. एखाद्याच्या हृदयाबद्दल काही सांगायचं असेल तर त्यानं किती वर्षं मेहनत केली हे विचारण्यापेक्षा शेवटची मेहनत कधी केली हे विचारावं.

एलडीएलची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती तालमीला आणखी गैरसोयीची आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन साचणारं कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएलच्या कणांमधून येतं. हे कण रक्तातून काढायचं काम स्नायू करत नाहीत. ते यकृत करतं, आपल्या पेशींवरच्या ग्राहींच्या (रिसेप्टरच्या) मदतीनं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी हे ग्राही शोधले आणि त्यांना 1985 साली नोबेल मिळालं. संपृक्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, साय आणि मटणाची चरबी, जास्त पोटात गेली की यकृतावरचे हे ग्राही कमी काम करतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. व्यायामानं एलडीएल उतरतं ते फार थोडं, आणि तेही बहुधा वजन उतरल्यामुळे. घाम कितीही गाळला तरी एलडीएल घामावाटे जात नाही. थोडक्यात, मेहनत चालू असतानाही पैलवानाचा एक आकडा सुटलेला असू शकतो, आणि अंगकाठीकडे बघून तो ओळखता येत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के चरबी असते. दोन लिटर दुधातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास चरबी मिळते, आणि तिच्यातली 80 ग्रॅमच्या आसपास संपृक्त. एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून जास्त कॅलरी संपृक्त चरबीतून येऊ नयेत असा सर्वसाधारण संकेत आहे. दिवसाला 5000 कॅलरी जाळणाऱ्या पैलवानाला हा संकेत 55 ग्रॅमपर्यंत मुभा देतो. दुकानात बसणाऱ्या, 2000 कॅलरींवर चालणाऱ्या माणसाला फक्त 22 ग्रॅम. म्हणजे तूप आणि मटण मोजायच्या आधी, नुसत्या दुधावरच पैलवान मर्यादा ओलांडून बसतो, आणि तोच माणूस दुकानात बसला की मर्यादेच्या जवळजवळ चौपटीवर जातो. (बदाम मात्र या सगळ्यात निर्दोष. त्याची चरबी बहुतांशी असंपृक्त असते आणि ती एलडीएलला थोडं खालीच आणते. थंडाईला दोष द्यायचा तर तिच्यातल्या साखरेला द्यावा.)

जपानमध्ये हाच प्रश्न फार ठळकपणे दिसतो, कारण तिथं सुमो मल्लाचा आकारच डोळ्यांत भरतो. सकाळी उपाशीपोटी कडक सराव, मग ‘चान्को’ नावाचं मांस-मासे-भाज्यांचं भरपूर रश्श्याचं जेवण, मग झोप. असा मल्ल दीडशे किलोचा असतो. वजन पाहून वाटावं की याच्या रक्तात नुसता लोण्याचा गोळा असेल. पण सराव चालू असलेल्या मल्लांची स्कॅननं तपासणी झाली तेव्हा त्यांची चरबी बरीचशी कातडीखाली आढळली. आतड्यांभोवती, यकृताजवळ, जिथली चरबी साखर आणि ट्रायग्लिसराइड बिघडवते तिथं, ती वजनाच्या मानानं कमी होती. सराव थांबला की ही आतली चरबी वाढू लागते. शहाणे मल्ल म्हणूनच निवृत्तीनंतर वजन उतरवण्याच्या मागे लागतात. योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च किताब मिळवलेले, ताकानोहाना 2003 साली निवृत्त झाले आणि नंतर त्यांनी वजन इतकं उतरवलं की पूर्वी त्यांना पाहिलेल्यांना ओळख पटायला वेळ लागावा. आपल्याकडे निवृत्त पैलवान असा बारीक झाला तर गाव म्हणेल, पैलवानाला काहीतरी आजार झालाय.

मेहनतीचं संरक्षण साठत नाही हे म्हणणं नुसत्या विकरावर उभं नाही. राल्फ पॅफेनबर्गर या अमेरिकी संशोधकानं हार्वर्डच्या सोळा हजारांहून अधिक माजी विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली आणि 1978 साली ती प्रसिद्ध केली. आठवड्याला 2000 कॅलरींहून कमी हालचाल करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याहून जास्त हालचाल करणाऱ्यांपेक्षा 64 टक्क्यांनी जास्त होता. मला या अभ्यासातला दुसराच निष्कर्ष मोलाचा वाटतो. कॉलेजच्या संघातून खेळलेले जे लोक पुढे खुर्चीत बसले, त्यांना जुन्या खेळाचा काहीही फायदा उरला नव्हता. ज्यांनी पुढेही हालचाल चालू ठेवली तेच सुरक्षित राहिले. आणि कॉलेजात कधी मैदानावर न दिसलेले, पण पुढच्या वयात हालचाल करू लागलेले लोक या माजी खेळाडूंपेक्षा चांगल्या स्थितीत होते. पदकं कपाटात टिकतात, रक्तवाहिन्यांत टिकत नाहीत, असंच त्या आकड्यांवरून म्हणावं लागतं.

खुद्द हृदयाच्या स्नायूचं काय? स्वीडनमधल्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरनं 1899 साली बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांची छाती नुसती बोटांनी ठोकून तपासली आणि त्यांचं हृदय मोठं झालंय हे ओळखलं. पुढे 1975 साली मॉर्गनरॉथ या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी कॉलेजच्या खेळाडूंची हृदयं मोजली, आणि त्यांत कुस्तीगीर होते. पळणाऱ्या-पोहणाऱ्यांच्या हृदयाचे कप्पे मोठे झाले होते, तर कुस्तीगिरांच्या हृदयाच्या भिंती जाड झाल्या होत्या. हा भेद इतका काटेकोर नसतो असं नंतर दिसून आलं, पण कारण पटण्यासारखं आहे. पकड धरून, श्वास रोखून माणूस जोर लावतो तेव्हा रक्तदाब क्षणभर भयंकर चढतो. धमनीत नळी घालून मोजलेल्या एका प्रयोगात, दोन्ही पायांनी जड वजन रेटताना शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब सरासरी 320/250 पर्यंत गेला होता. कुस्तीत दर वेळी तितका जातो असं नाही, पण जात तीच. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं तर भिंत जाड होणारच. निरोगी पैलवानात हे बहुतेक वेळा बिनधोक असतं, आणि सराव सुटला की काही आठवड्यांत-महिन्यांत भिंत पुन्हा पातळ होऊ लागते.

सगळ्यांच्याच बाबतीत सगळं पूर्ववत होतं असं मात्र नाही. इटलीत निवृत्त अव्वल खेळाडूंना काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा साधारण पाचातल्या एकाचा डावा कप्पा मोठाच राहिला होता, आणि त्याला वाढलेलं वजन हे एक कारण असावं असं त्या तपासणीतून दिसलं. निवृत्तीनंतर वजन आणि विश्रांतीतला रक्तदाब दोन्ही चढले, तर जाडी उतरायला वावच मिळत नाही. सरावानं जाड झालेली भिंत आणि रक्तदाबानं जाड झालेली भिंत यांत तेव्हा फरक करणं डॉक्टरलाही कठीण जातं.

इथं कुणी म्हणेल, मग आपले जुने पैलवान? पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे 86 वर्षं जगले. गणपतराव आंदळकर 2018 साली गेले तेव्हा त्र्याऐंशीचे होते. आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर त्यातच थोडं दडलं असावं. आंदळकर पैलवानकी संपल्यावर वस्ताद झाले, मोतीबाग तालमीत त्यांनी कैक पिढ्या घडवल्या. वस्ताद आखाड्यापासून तुटत नाही. पहाटेचा त्याचा दिनक्रम पोरांसोबतच चालतो. ज्याला हे नशीब लाभत नाही त्या पैलवानाची काळजी जास्त. फिनलंडमध्ये 1920 ते 1965 या काळातल्या अव्वल खेळाडूंच्या आयुर्मानाचा अभ्यास झाला. लांब पल्ल्याचे धावपटू, स्कीपटू यांचं सरासरी आयुष्य 75.6 वर्षं निघालं. ज्यांच्याशी तुलना केली त्या धडधाकट सामान्य पुरुषांचं 69.9. कुस्तीगीर, मुष्टियोद्धे, वेटलिफ्टर, फेकीचे खेळाडू या ताकदीच्या गटाचं 71.5. म्हणजे ताकदवाल्यांना फायदा झाला, पण दमवाल्यांच्या मानानं फारच थोडा. यात सिगारेट, व्यवसाय, अंगभूत ठेवण असं बरंच काही मिसळलेलं असणार. तरी एक साधी गोष्ट विसरता येत नाही : साठीतला धावपटू रस्त्यावर पळू शकतो, साठीतला कुस्तीगीर कुस्ती खेळू शकत नाही. मर्दानी खेळ वयाच्या एका टप्प्यावर संपतोच, आणि संपतो तो अचानक.

हा अचानकपणा आपल्याकडे फार जाणवतो. गुडघा जातो, खांदा निखळतो, पोलिसात किंवा सैन्यात नोकरी लागते, वडील थकतात आणि उसाचं शिवार गळ्यात पडतं, लग्न होतं. तिशीच्या आतबाहेर पोरगं तालमीतली वळकटी उचलून घरी येतं. मेहनत एका दिवसात थांबते. भूक थांबत नाही, कारण दहा वर्षं पोटाला तीच सवय. आई तूप वाढायची थांबत नाही, कारण पोरगं वाळलं तर लोक काय म्हणतील. गावात लोक त्याला पैलवानच म्हणतात आणि पैलवानानं पैलवानासारखं दिसायचं असतं. अंग सुटतं, मान जाड होते, पोट पुढे येतं, आणि बघणारे म्हणतात, तब्येत बसली. तासभर झपाट्यानं चालून तीन-चारशे कॅलरी जळतात, आणि दोन लिटर दुधातून दोन हजार येतात. या दोन आकड्यांचा मेळ चालण्यानं बसणार नाही, दूधच कमी करावं लागेल.

भारतीय माणसाच्या बाबतीत उशिराला वावही कमी असतो. 52 देशांतल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण 53व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 58-59व्या वर्षी. पोटाची चरबी, चढे ट्रायग्लिसराइड आणि उतरलेलं एचडीएल हे त्रिकूट आपल्या लोकांत मुळातच जास्त. तिशीत आखाडा सोडलेल्या पैलवानाच्या हाती मग वीसेकच वर्षं उरतात.

जत्रेतल्या कुस्त्यांचंही इथंच बोलून घेतो. मैदान रंगलेलं असतं, निवेदक माजी मल्लाचं नाव पुकारतो, टाळ्या पडतात, आणि वर्षभर अंगाला माती न लागलेला पंचेचाळिशीचा माणूस भरल्या पोटी प्रदर्शनीय कुस्तीला उतरतो. अमेरिकेत 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एरवी बसून असणाऱ्या माणसाला जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका त्याच्या नेहमीच्या धोक्याच्या 107 पट असल्याचं आढळलं. आठवड्यातून पाच वेळा किंवा अधिक व्यायाम करणाऱ्यासाठी तोच आकडा 2.4 पट होता. एकाच श्रमाचे हे दोन आकडे आहेत, फरक फक्त एरवी किती व्यायाम होतो याचा. निवेदकांनी ही नावं पुकारणं बंद केलं तर बरं.

इंजेक्शनं आणि गोळ्यांबद्दल थोडक्यात. अंग लवकर भरावं म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सहा आठवड्यांत एचडीएल एक-तृतीयांशानं खाली आणि एलडीएल वर गेल्याचं वजन उचलणाऱ्यांच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे. इतक्या मेहनतीनं जे थोडंसं एचडीएल मिळतं, ते एका गोळीनं घालवण्याला शुद्ध मूर्खपणा म्हणतात.

शहरात हल्ली पोटासाठी किंवा ताण घालवण्यासाठी बॉक्सिंग, किकबॉक्सिंगच्या वर्गांना जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना दूध-तुपाचा खुराक नसतो ही जमेची बाजू, पण तीन महिने वर्ग आणि नऊ महिने सुट्टी ही तऱ्हा त्यांच्यातही आहे. दीड-दोन दिवसांचा तो हिशेब त्यांनाही तितकाच लागू. आठवड्यात एकाच रविवारी दोन तास झोडपण्यापेक्षा एक दिवसाआड पाऊण तास बरा.

तालमींच्या वस्तादांकडे माझं मागणं आहे. पोराला आखाड्यात कसं उतरवायचं हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंत. आखाड्यातून बाहेर कसं यायचं तेही शिकवा. ज्या महिन्यात मेहनत थांबेल त्याच महिन्यात दूध अर्ध्या लिटरवर आणि तूप चमच्यावर आलं पाहिजे. जोर-बैठका शंभरावर आल्या तरी चालतील, पण त्या रोज हव्यात, आणि सोबत पळणं, सायकल किंवा पोहणं, म्हणजे दमाचं काम, हवं. वर्षातून एकदा रक्तदाब आणि उपाशीपोटी रक्ततपासणी व्हावी. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला असेल तर तालमीत असतानाच व्हावी, आणि एलडीएल चढं निघालं तर डॉक्टरनं दिलेली गोळी कमीपणा न मानता घ्यावी. आणि हे सगळं पोराच्या आईला तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगा. डॉक्टरचं ती ऐकणार नाही, वस्तादांचं ऐकेल.